खा. पा.

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्त घरगुती आहे. भाची.

आमच्याकडच्या एका छोट्या वाचनालयाचे हिशोब मी खूप वर्षं ठेवते आहे. पगार नाही, पद नाही, "ताई, तुम्हाला एक्सेल येतं ना?" एवढ्या एका वाक्यावर गळ्यात पडलेलं काम. आता डोळे आणि कंबर दोन्ही कुरकुरायला लागल्यामुळे ते भाचीकडे सोपवायचं ठरलं. ती आली, चहा झाला, तिने फाईल उघडली, खालच्या टॅबांच्या रांगेवरून माऊस इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाली, "मावशी, यात नक्की काय काय आहे गं?"

मला सांगता येईना. एकूण शीट किती आहेत तेसुद्धा सांगता येईना. मग दोघींनी मोजली. ७४ निघाली. 'ऑडिट ०९', 'ऑडिट ०९ नवीन', 'ऑडिट ०९ फायनल', मग कशाचं कोण जाणे 'शीट२३', आणि एकाचं नाव नुसतंच 'बघणे'. काय बघायचं होतं ते त्या वेळी माहीत असणार!

ती हसली आणि गेली. मी मात्र रात्री विचार करत बसले. ज्या फाईलमध्ये मी इतकी वर्षं रोज ये-जा केली, ती मला ओळखीची नव्हती. म्हणजे प्रत्येक शीट ओळखीचं, पण आख्खी फाईल नाही. हे असं कधीपासून व्हायला लागलं? कारण आमच्या मामांच्या बाबतीत असं कधीच झालं नसतं.

मामांचं कराडला दुकान होतं. संध्याकाळी गल्ला मोजून झाला की ते कीर्द लिहायला बसत, आणि आठवड्यातून एकदा कीर्दीवरून खतावणी. सुट्टीत गेलं की मला त्या खतावणीचं फार आकर्षण. सुरुवातीची पानं अनुक्रमणिकेची, आणि त्यांची उजवी कड पायऱ्यांसारखी कापलेली. प्रत्येक पायरीवर एक अक्षर. 'प'वर बोट ठेवून उघडलं की पाटील, पवार, पोतदार, आणि प्रत्येकापुढे पानाचा नंबर. पण खरी गंमत कीर्दीत होती. तारीख, तपशील, आणि रकमेच्या आधी एक अगदी चिंचोळा रकाना. डोक्यावर लिहिलेलं असे 'खा. पा.' मला वाटायचं, खायचं-प्यायचं काहीतरी असेल. :) मामांनी सांगितलं, खाते पान. ही रक्कम खतावणीत कुठल्या पानावर गेली, त्याचा नंबर. आणि खतावणीतल्या नोंदीपुढे उलट कीर्दीच्या पानाचा नंबर. म्हणजे इथून तिथे जाता येतं आणि तिथून इथेही परत येता येतं.

शिवाय तो नंबर खतावणीत नोंद केल्यावरच लिहायचा, आधी नाही. त्यामुळे रकाना रिकामा दिसला की समजायचं, ही रक्कम अजून चढवायची राहिली. वाट दाखवणारा आकडा आणि काम झाल्याची खूण, दोन्ही एकच. किती साधं, आणि किती हुशारीचं.

आपल्या सगळ्यांच्या घरात असलेला सातबारासुद्धा असाच. तलाठ्याच्या दप्तरात ओळीने नंबर दिलेले गाव नमुने असतात, त्यातला सातवा आणि बारावा मिळून हा उतारा. सातबारावर जे फेरफाराचे नंबर दिसतात ते तुम्हाला नमुना सहाकडे पाठवतात, जमीन कुणाकडून कुणाकडे आणि का गेली ते तिथे. एका खातेदाराची सगळी जमीन बघायची तर आठ-अ. आपण ज्याला एक कागद म्हणतो तो खरं तर मोठ्या पुस्तकाच्या दोन पानांचा नंबर आहे. आपण तो नंबरच नाव म्हणून वापरतो. असो, विषय हिशोबाच्या शीटचा.

तर संगणकावरचं पहिलं स्प्रेडशीट. १९७८ साली डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. एक आकडा बदलला की पुढचे सगळे आकडे खोडून पुन्हा लिहायचे, या वैतागातून त्याच्या डोक्यात कल्पना आली. त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने मिळून बनवलेलं व्हिजीकॅल्क १९७९ साली ॲपल टू या संगणकावर आलं. याबद्दल जिथे वाचावं तिथे त्याच्या आपोआप होणाऱ्या गणिताचं कौतुक असतं, आणि ते बरोबरच आहे. पण मला जास्त मजा वाटली ती एका बारीक गोष्टीची. ६३ उभे रकाने आणि २५४ ओळी एवढा मोठा तक्ता, पण पडदा फक्त ४० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच. म्हणजे एवढ्याशा खिडकीतून आख्खं अंगण बघायचं. फिरायचं कसं? ब्रिकलिनने आधी व्हिडिओ गेमचं गोल फिरवायचं बटण वापरून पाहिलं. ते नीट जमेना. मग बाणाच्या कळा. पण त्या ॲपल टूला बाणाच्या दोनच कळा, डावी आणि उजवी! वर-खाली जायचं तर आधी स्पेसबार दाबायचा, की मग त्याच दोन कळा वर-खालीच्या व्हायच्या. परत आडवं जायचं तर परत स्पेसबार. आणि लांब जायचं असेल तर 'पेक्षा मोठे'चं चिन्ह दाबून थेट सेलचा पत्ता टाकायचा.

म्हणजे 'मी आता कुठे आहे आणि तिकडे जाऊ कशी' हा प्रश्न गणिताइतकाच जुना आहे. फक्त तेव्हा शीट एकच होतं.

आमच्या पिढीला हे सगळं भेटलं ते लोटसच्या रूपात. जानेवारी १९८३ मध्ये लोटस १-२-३ बाजारात आलं, मिच केपॉर आणि जोनाथन सॅक्स यांचं. आपल्याकडे ते गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासमधून पोचलं. 'डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस' ही चार नावं ज्यांनी एका दमात म्हटलेली आहेत, ते माझ्या वयाचे. मी १९९१ साली पुण्यात क्लास केला. चप्पल बाहेर काढायची, एसीत कुडकुडायचं, एका मशीनवर दोघी. फाईल उघडायला '/' मग एफ मग आर. ठेवायला '/' एफ एस. हे बोटांत इतकं बसलंय की आजही हात तिकडे जातो. (आणि गंमत म्हणजे विंडोजवरच्या एक्सेलमध्ये एखाद्या सेलवर उभं राहून '/' दाबा, मेनू जागा होतो. लोटसवाल्यांची सवय मोडू नये म्हणून ठेवलेली सोय, अजून आहे.)

तेव्हाच्या लोटसमध्येही एका फाईलला एकच शीट. पण अवाढव्य. २५६ रकाने आणि ८१९२ ओळी, म्हणजे २० लाखांवर चौकटी. त्या सगळ्या भरायला मेमरी कुणाकडे होती म्हणा. पण जागा दिसली की माणूस पसरतोच. खर्चाचा तक्ता इथे, जमेचा तिकडे, पगार आणखी कुठे. आमच्या सरांनी शिकवलेली पहिली शिस्त अशी की तक्ते एकाखाली एक किंवा शेजारी-शेजारी मांडायचे नाहीत, तिरपे मांडायचे. जिन्यासारखे. कारण एका तक्त्यात मध्ये ओळ घातली की ती आख्ख्या शीटमधून आरपार जाते आणि शेजारच्या तक्त्याचे दोन तुकडे होतात. तिरपे असले की कुणाचा कुणाला धक्का नाही.

दुसरी शिस्त माझ्या आजच्या गोष्टीत जास्त महत्त्वाची. प्रत्येक तक्त्याला नाव द्यायचं, आणि डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात, ए१ पासून, त्या नावांची यादी लिहायची. कुठेही हरवलात तरी 'होम' दाबा, यादीपाशी याल. यादीत नाव बघा, एफ५ दाबा, नाव टाका, तिथे पोचाल. नाव आठवत नसेल तर एफ५ नंतर एफ३, सगळी नावं वर येतील. सर म्हणत, "ज्या शीटला होमवर यादी नाही ते शीट तुमचं नाही, ते मशीनचं."

म्हणजे बघा, शीट एकच होतं तोपर्यंत अनुक्रमणिका लिहावीच लागायची. तिच्याशिवाय त्या पसाऱ्यात काही सापडणंच शक्य नव्हतं. मामांच्या खतावणीची पहिली पानं जशी.

दुसरं शीट आलं आणि हे बिघडलं.

लोटसच्या तिसऱ्या आवृत्तीत, १९८९ साली, एका फाईलमध्ये २५६ शीट ठेवता यायला लागली. पहिलं ए, दुसरं बी, असं करत. पत्ता लिहायचा तो 'ए:ए१' असा. एकामागे एक रचलेल्या काचांसारखी ती कल्पना होती, आणि एका आज्ञेने तीन शीट एकदम, मागची थोडी वर सरकवून, पडद्यावर दाखवता येत. त्यामुळेच असेल, पण पुढच्या शीटवर जायची कळ होती कंट्रोल-पेजअप, आणि मागच्यावर यायची कंट्रोल-पेजडाऊन. एक्सेलमध्ये नेमकं उलटं आहे! गठ्ठ्यात मागचं पान वर दिसतं म्हणून 'अप' म्हणजे पुढे. वहीत आपण पानं उलटत खाली-पुढे जातो म्हणून 'डाऊन' म्हणजे पुढे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. फक्त एकीकडून दुसरीकडे गेलेल्या माणसाची बोटं काही दिवस चुकत राहणार.

बोटांच्या सवयीवरून तर अमेरिकेत मोठा खटला झाला. बोरलँड कंपनीचं क्वात्रो नावाचं स्प्रेडशीट होतं (इटालियनमध्ये क्वात्रो म्हणजे चार, १-२-३ च्या पुढचा. खवचटपणा बघा.) लोटसच्या गिऱ्हाइकांना सवय बदलावी लागू नये म्हणून त्यांनी लोटसच्या मेनूतल्या आज्ञा आणि त्यांची उतरंड जशीच्या तशी घेतली. लोटसने १९९० मध्ये दावा लावला. खालच्या कोर्टात लोटस जिंकलं. १९९५ मध्ये बोस्टनच्या अपील कोर्टाने ते उलटवलं : मेनू ही यंत्र चालवायची पद्धत आहे, तिच्यावर कॉपीराइट लागत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि तिथे जानेवारी १९९६ मध्ये न्यायमूर्तींचे ४-४ असे समसमान तुकडे पडले. त्यामुळे अपील कोर्टाचा निकाल कायम राहिला. सहा वर्षं भांडण चाललं, तोपर्यंत दोघांचीही गिऱ्हाइकं एक्सेलकडे निघाली होती. आपल्याकडे बांधावरून भांडतात तसंच की हे.

पण खालच्या टॅबा आणण्यात या बोरलँडचा वाटा आहे. १९९२ साली आलेल्या विंडोजवरच्या क्वात्रो प्रोमध्ये फाईलला 'नोटबुक' म्हणत आणि तिच्या पानांना खाली टॅबा असत. दिसायला अगदी मामांच्या खतावणीच्या पायऱ्याच.

आणि त्याच १९९२ मध्ये एक्सेलची चौथी आवृत्ती आली. त्यातही वर्कबुक होतं, पण निराळं. वेगवेगळी शीट एका बासनात बांधायची, आणि ते बासन उघडलं की समोर यायची त्यातल्या शीटची यादी! म्हणजे दार उघडल्या उघडल्या अनुक्रमणिका. यादीतून निवडा आणि जा. मी एक्सेल ४ वर फारच थोडे दिवस काम केलं. तेव्हा मला ती यादी म्हणजे मध्येच आडवी येणारी कटकट वाटली होती, हे कबूल करते.

१९९३ च्या एक्सेल ५ मध्ये ती कटकट गेली. वर्कबुक म्हणजेच फाईल झाली, नवीन फाईल उघडली की १६ कोरी शीट आणि खाली टॅबांची रांग. टॅबवर दोनदा क्लिक करून नाव बदला, ओढून पुढे-मागे करा. सुंदर दिसायचं. सगळ्यांनाच वाटलं, आता यादी कशाला हवी? टॅबा म्हणजेच यादी.

मला वाटतं, इथे चूक झाली. कुणा एका प्रोग्रामरची नव्हे, सगळ्यांचीच, माझीही. रांग म्हणजे यादी नव्हे. मोठ्या फाईलची रांग पडद्यावर मावतच नाही. त्या वेळच्या पडद्यावर मोजक्याच टॅबा दिसत, बाकीच्या डावी-उजवीकडे सरकवायच्या. त्यासाठी कोपऱ्यात चार छोटी बाणांची बटणं होती. ती दाबली की टॅबांची रांग सरकायची, पण तुम्ही मात्र होता त्याच शीटवर! नवीन माणसं हमखास फसत. बटणं दाबतायत, रांग हलतेय, आणि समोरचे आकडे तेच. त्या बटणांवर उजवं क्लिक केलं तर शीटच्या नावांची यादी उघडते, हे मला किती वर्षांनी कळलं म्हणाल? नऊ. तेही ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी मुलाने दाखवलं. आणि लपवलेलं शीट त्या यादीतसुद्धा दिसत नाही, हे तर त्याहून उशिरा.

मग नावांची भानगड. शीटच्या नावाला ३१ अक्षरांची मर्यादा. देवनागरीत लिहिणाऱ्यांना ती आणखी जाचते, कारण एक्सेल काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतं. 'विद्यार्थी' हा आपल्याला तीन अक्षरांचा शब्द, एक्सेलच्या लेखी दहा. त्यामुळे लांबलचक, धडधडीत नाव देता येत नाही, 'वि. सभा. थक.' असं काहीतरी करावं लागतं, जे सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही. आणि एक गंमत : इंग्रजीत 'हिस्टरी' हे नाव शीटला देता येत नाही. करून बघा. ते नाव एक्सेलने फाईलमधल्या बदलांची नोंद ठेवण्यासाठी राखून ठेवलंय. या पोस्टसाठी टिपणं काढायला मी तसं शीट करायला गेले आणि चक्क नकार मिळाला.

शीटांचा क्रम हे आणखी एक प्रकरण. जानेवारी ते डिसेंबर अशी बारा शीट असतील तर एकाच सूत्रात 'जानेवारीपासून डिसेंबरपर्यंतच्या सगळ्या शीटमधल्या बी५ ची बेरीज' करता येते. फार सोयीचं. पण 'पर्यंत' म्हणजे कॅलेंडरप्रमाणे नव्हे, टॅबांच्या रांगेत त्या दोघींच्या मध्ये जे काही असेल ते. एका वर्षी मी ऑक्टोबरचं शीट तपासायला म्हणून ओढून रांगेच्या शेवटी नेलं आणि तिथेच विसरले. वार्षिक बेरजेतून ऑक्टोबर गुपचूप बाहेर पडला. ना चूक दाखवली, ना लाल रंग. सभेत एका आजोबांनी विचारलं, "दिवाळी अंकांच्या वर्गणीत यंदा इतकी घट कशी?" तेव्हा माझी बोबडी वळली. टॅबांची रांग नुसती दिसायला असते असं मी समजत होते, ती हिशोबाचा भाग होती.

त्यानंतरच्या तीस वर्षांत सोयी येतच राहिल्या, त्या भराभर सांगते. एक्सेल ९७ मध्ये एका सेलमधून दुसऱ्या शीटवर उडी मारायची लिंक आली, नवीन फाईलमधली शीट १६ वरून ३ झाली. २००२ च्या आवृत्तीत टॅबांना रंग देता यायला लागला. २०१३ पासून नवीन फाईलमध्ये एकच शीट मिळतं. गूगलच्या शीट्समध्ये कोपऱ्यात तीन आडव्या रेघांचं बटण आहे, ते दाबलं की सगळी नावं. अलीकडच्या एक्सेलमध्ये बाजूला एक पट्टी उघडते, तिच्यात शीट, तक्ते, आलेख सगळ्यांची यादी असते आणि शोधताही येतं. १९९२ मध्ये दारातच असलेली यादी सुमारे तीस वर्षांनी खिडकीतून परत आली म्हणायची. तीसुद्धा कुणी मुद्दाम उघडली तर.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, नाही सापडलं शीट तर शोधायचं थोडं. त्यासाठी नॉर्दर्न आयर्लंडची गोष्ट सांगते.

ऑगस्ट २०२३. तिथल्या पोलिसांकडे माहिती अधिकारात एक साधा अर्ज आला : कुठल्या हुद्द्यावर किती माणसं आहेत? माहिती तयार करणाऱ्यांनी मनुष्यबळाची मूळ यादी एक्सेलमध्ये घेतली. तिच्यावर काम करताना त्याच फाईलमध्ये आणखी शीट तयार झाली. उत्तराचा तक्ता तयार झाल्यावर बाकीची, दिसणारी शीट काढून टाकली. मूळ यादीचं शीट मात्र फाईलमध्ये राहिलं. कुणाला दिसलं नाही. तपासणी झाली, त्यातही दिसलं नाही. ८ ऑगस्टला ती फाईल उत्तर म्हणून सार्वजनिक संकेतस्थळावर चढली आणि काढून घेईपर्यंत दोनेक तासांहून जास्त वेळ तिथे होती. त्या शीटमध्ये ९,४८३ जणांची माहिती होती. आडनाव, नावाचं आद्याक्षर, हुद्दा, विभाग, नेमणुकीचं ठिकाण. पोलीस दलातले सगळे अधिकारी आणि कर्मचारी.

दुसरीकडे कुठे हे झालं असतं तर चार दिवस बातम्या आल्या असत्या. पण तिथे पोलिसाची नोकरी ही लपवायची गोष्ट आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत ओमा गावात एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर, फुटबॉलच्या सरावानंतर मुलगा सोबत असताना, गोळ्या झाडल्या होत्या. विशेषतः कॅथलिक घरांतून आलेले पोलीस शेजाऱ्यांनाच काय, नातेवाइकांनाही खरं सांगत नाहीत. सकाळी निघताना गाडीखाली बॉम्ब नाही ना हे वाकून बघायची सवय असलेली ही माणसं. थोड्याच दिवसांत पोलीसप्रमुखांना सांगावं लागलं की ती यादी हिंसाचार करणाऱ्या गटांच्या हाती लागली आहे असं आम्ही धरून चालतो. लोकांनी घरं बदलली. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलीस दलाला साडेसात लाख पौंडांचा दंड केला, आणि सरकारी संस्था नसती तर तो ५६ लाख झाला असता असंही सांगितलं.

फाईल फुटली नव्हती. कुणी पासवर्ड चोरला नव्हता. एक शीट तिथे होतं आणि ते तिथे आहे हे कुणाला माहीत नव्हतं, एवढंच. ही बातमी मी तेव्हाच वाचली होती. 'अरेरे' म्हटलं होतं आणि वर्तमानपत्र घडी करून ठेवलं होतं.

तर भाची पुढच्या शनिवारी परत आली. ठरवलं होतं की पहिलं शीट 'अनुक्रमणिका' करायचं. डावीकडे नाव, मग आत काय आहे ते एका ओळीत, मग लिंक, आणि शेवटच्या रकान्यात त्या शीटमधले आकडे कुठून येतात आणि कुठे जातात. त्या रकान्याला मी हट्टाने 'खा. पा.' नाव दिलं. मी सांगत होते, ती टाइप करत होती. चोवीस शीट कायमची उडवली. ('बघणे' उघडलं. कोरं होतं!) उरलेल्यांतलं एकेक घेत आम्ही वर्गणीच्या शीटपाशी आलो. भाचीने एका सेलवर क्लिक केलं, वरचं सूत्र वाचलं आणि विचारलं, "मावशी, हे 'माफी' नावाचं शीट कुठाय?"

यादीत नव्हतं. टॅबांत नव्हतं. तिने उजवं क्लिक करून 'अनहाइड' केलं. पंच्याहत्तरावं शीट.

२०१२ साली मीच केलं होतं ते. वर्गणी माफ केलेल्या मुलांची यादी. सतरा नावं. नावापुढे इयत्ता, आणि त्यापुढे मी माझ्या चोख हिशोबी स्वभावाप्रमाणे लिहिलेलं कारण. 'वडील वारले.' 'आई धुणीभांडी.' 'वडील पितात, घरी देत नाहीत.' एका मुलीपुढे त्याहून वाईट काहीतरी, ते इथे लिहीत नाही. माफीची एकूण रक्कम वर्गणीच्या हिशोबात लागते म्हणून शीट काढून टाकता येत नव्हतं, आणि समितीत उगाच चर्चा नको म्हणून लपवलं. लपवलं की झालं, असं तेव्हा वाटलं होतं.

ती फाईल मी दर एप्रिलमध्ये समितीतल्या सगळ्यांना ईमेलने पाठवते. २०१२ पासून, दर वर्षी, आख्खी.

भाची काही बोलली नाही. तिने फक्त रकमेचा आकडा उचलून वर्गणीच्या शीटमध्ये हाताने टाकला आणि ते शीट काढून टाकू का म्हणून माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. आपल्या फाईलमधून गेलं. बाकीच्यांच्या मेलमध्ये आहे ते आहेच.

त्या सतरांमधला एक मुलगा आता नोकरीला लागलाय, आणि तीन वर्षांपासून समितीवर आहे. हुशार आहे, कॉम्प्युटरमधलाच आहे. त्यालाही तीन एप्रिल फाईल गेली. गेल्या रविवारी वाचनालयात भेटला होता. नव्या कपाटांचं कोटेशन आलंय त्यावर आम्ही अर्धा तास बोललो, लोखंडी घ्यायची की लाकडी. निघताना म्हणाला, "ताई, फाईल आता ताईंच्या भाचीकडे म्हणे?" मी म्हटलं, हो, नीट लावून देतेय. तो बरं म्हणाला आणि स्कूटरला किक मारून गेला.